बॉथमच्या बावीस वर्षं आधी

१९ फेब्रुवारी १९८०. वानखेडेतून बाहेर पडून तुम्ही चर्चगेटच्या दिशेनं चालताय आणि चालता चालता बोलताय. मुंबईकराला हरलेल्या सामन्याची चर्चा जिंकलेल्या सामन्यापेक्षा जास्त वेळ पुरते. क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, आणि ती इंग्लंडनं दहा विकेट राखून खिशात घातली. सूर्यग्रहणासाठी विश्रांतीचा दिवस काय ठेवला, पंचांनी बाद दिलेल्या टेलरला विश्वनाथनं परत काय बोलावलं, सगळं उगाळून झालंय. आता गाडी बॉथमवर आली आहे. पहिल्या डावात सहा बळी, दुसऱ्यात सात, आणि मधे ११४ धावा. बरोबरचा मित्र जाणकार आहे, त्याला आकडे तोंडपाठ. तो बोट वर करून सांगतो, "एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी, हे आजवर कुणीच केलेलं नाही. मिलर नाही, सोबर्स नाही, आपला विनू मंकडही नाही. पहिलाच!"

तुम्ही मान डोलावता. रस्ता ओलांडायला पाऊल खाली टाकता, आणि ते ट्रामच्या रुळावर पडतं.

मुंबईतली ट्राम तर १९६४ सालीच बंद झाली. ही समोरून घंटा वाजवत येतेय. मागे सरका. हवेत उकाडा नाही, ओल्या गवताचा वास आहे, आणि आकाशाचा काही भरवसा वाटत नाही. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या पाटीवर तारीख वाचा. फेब्रुवारी १९५८. शहर मेलबर्न. तुम्ही सेंट किल्डा जंक्शनपाशी उभे आहात. खिशातल्या रुपयांना इथं कुणी विचारणार नाही, कारण इथं पौंड, शिलिंग, पेन्सचा कारभार आहे. पबमध्ये जायचं मनात असेल तर घाई करा, संध्याकाळी सहाला ते कायद्यानं बंद होतात. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. गोऱ्यांनाच वसू द्यायचं, हे या देशाचं सरकारी धोरण आहे. पाहुणे म्हणून दोन दिवस हिंडलात तर कुणी हटकणार नाही कदाचित, पण बिऱ्हाड थाटायचा विचार करू नका.

रस्त्यापलीकडे मैदान आहे. जंक्शन ओव्हल. मेलबर्नचं ते अवाढव्य एमसीजी हे नव्हे. सव्वा वर्षापूर्वी ऑलिंपिक झालं ते तिकडं. हे क्लबाचं मैदान आहे, जुने स्टँड, भोवती झाडं. आत जा. मधोमध पांढऱ्या कपड्यांतल्या अकरा बायका क्षेत्ररक्षण करताहेत. गुडघ्यापर्यंतचे दुभागलेले स्कर्ट, पायांत लांब मोजे. ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड, दुसरी कसोटी. खरं म्हणजे पहिलीच म्हणा, कारण सिडनीची कसोटी पावसानं एकही चेंडू न टाकता धुऊन नेली. इथंही पावसानं हात दाखवला आहेच. पुरुषांचा ऑस्ट्रेलियन संघ सध्या दक्षिण आफ्रिकेत आहे, त्यामुळं पेपरांचं क्रिकेटचं पान तिकडच्या बातम्यांनी भरलेलं असतं. उरलेल्या जागेत या मुलींची बातमी मावली तर मावली.

लाकडी बाकावर एका म्हाताऱ्याशेजारी जागा आहे, बसा. तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही भारतातले हे ओळखतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "तुमचा तो मंकड काय म्हणतो?" तुम्हाला वाटतं, दहा वर्षांपूर्वी एमसीजीवर विनूनं दोन शतकं काढली, त्याबद्दल विचारतोय. छे. त्याला बिल ब्राउनचा रनआऊट आठवतोय. गोलंदाजी करता करता विनूनं नॉन स्ट्रायकरच्या यष्ट्या उडवल्या तो. तुम्ही घाईघाईनं सांगता की ब्रॅडमननंसुद्धा त्यात काही गैर मानलं नव्हतं, आणि ॲडलेडला दोन्ही डावांत शतक ठोकणारा हजारे आमच्या सांगलीचा. म्हातारा हसतो. हजारे हे नाव त्याला पसंत पडलेलं दिसतं. आता तो तुमच्याशी नीट बोलेल.

त्याच्याकडून मागची गोष्ट ऐकून घ्या. १९३४ साली इंग्लंडच्या मुली बोटीनं इकडं आल्या, प्रवासाचा खर्च जिच्या तिच्या पदरचा. म्हणजे खेळ येणं पुरेसं नव्हतं, पदरी पैसाही लागायचा. ब्रिस्बेनला बायकांची पहिली कसोटी झाली आणि ऑस्ट्रेलिया ४७ धावांत आटोपली. मर्टल मॅक्लॅगन नावाच्या मुलीनं १० धावांत ७ बळी घेतले, वर फलंदाजीतही ७२ काढल्या. पुढं सिडनीला तिनंच बायकांच्या कसोटीतलं पहिलं शतक केलं. (ही मर्टल जन्मली आपल्या अंबाल्याला. म्हाताऱ्याला ते माहीत नाही, तुम्ही सांगून भाव खाऊ शकता.) त्या पराभवाची परतफेड व्हायला चौदा वर्षं गेली, मधे युद्ध आलं. १९४९ साली ऑस्ट्रेलियानं घरच्या मैदानांवर मालिका जिंकली. तेव्हा ॲडलेडला १११ धावा काढून एका डावात २३ धावांत ६ बळी घेणारी मुलगी आज इथंच खेळतेय.

बेटी विल्सन. वय ३६. इथली, मेलबर्नचीच.

ती मैदानात दिसेपर्यंत खेळपट्टीकडे बघून घ्या, कारण आजचा निम्मा खेळ ती खेळणार आहे. या काळात खेळपट्टी झाकत नाहीत. पाऊस मुरतो, मग ऊन पडतं, वरची साय वाळते आणि आत चिखल राहतो. त्यावर पडलेला एक चेंडू माती धरून उभा उसळतो, दुसरा तिथंच पडून सरपटत जातो. तुम्ही कांगा लीग बघितली आहे, छत्री धरून आझाद मैदानावर उभे राहिला आहात. भिजलेल्या विकेटवर पन्नास धावा म्हणजे काय असतं ते तुम्हाला समजावून सांगायला नको. फक्त मुंबईच्या पावसाळ्यात ऊन इतकं कडक पडत नाही. ओल्या खेळपट्टीवर मेलबर्नचं ऊन पडलं की फलंदाजानं देवाचं नाव घ्यावं.

ऑस्ट्रेलियाची फलंदाजी. समोर इंग्लंडची कर्णधार मेरी डगन, डावखुरी गोलंदाज. बायकांच्या कसोटीत सर्वाधिक बळी, ७७, हिच्या नावावर जमा होणार आहेत, आणि तुम्ही ज्या काळातून आलात तिथवर तो आकडा कुणी ओलांडलेला नाही. ती काही चमत्कार करत नाही. एका टप्प्यावर चेंडू टाकत राहते, उरलेलं खेळपट्टी बघते. फलंदाज पुढं येते, चेंडू थांबून येतो, बॅटची कड, झेल. पुढची मागं राहते, चेंडू खाली राहतो. निर्धाव षटकांची रांग लागते. धावफलक हलतच नाही म्हणून तुम्ही इकडंतिकडं बघता आणि तेवढ्यात आणखी एक विकेट जाते. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ३८. डगन ६ धावांत ७ बळी. ३८ मधल्या सर्वाधिक किती, तर बेटी विल्सनच्या १२.

म्हातारा गप्प झालाय. तुम्हाला वाटतं, संपली कसोटी.

मग विल्सन चेंडू हातात घेते. ऑफस्पिन. बारीक चणीची बाई, आणि हालचालीत एक प्रकारची टापटीप, हात सरळ वर, शेवटच्या क्षणी बोटांचा पीळ. चेंडू हवेत जरा जास्त वेळ राहतो असं वाटतं. इंग्लंडच्या मुली काही लेच्यापेच्या नाहीत, पण अशा खेळपट्टीवर ऑफस्पिन नेमका टप्प्यावर पडायला लागला की तंत्र वगैरे शब्द पुस्तकात राहतात. एक गेली, दुसरी गेली. डगनला जसं एका बाजूनं कुणी खेळू शकलं नाही, तसंच हिलाही. तुम्ही बोटांवर मोजायला लागता आणि मोजता मोजता लागोपाठ तीन चेंडूंवर तीन फलंदाज तंबूत जातात. हॅटट्रिक! बायकांच्या कसोटीतली पहिली. दुसरी बघायला जगाला २००४ सालापर्यंत थांबावं लागेल, ती पाकिस्तानची शाईझा खान घेईल. इथं टाळ्या पडतात, सहकारी पाठ थोपटतात, ती चेंडू मागून घेते.

इंग्लंड सर्वबाद ३५. विल्सन ७ धावांत ७ बळी. ऑस्ट्रेलियाला तीन धावांची आघाडी, आणि आजच्या दिवशी तीन धावा म्हणजे चैन आहे. वीस बळी, दोन डाव, मिळून ७३ धावा. तुमच्या मित्राला हा आकडा सांगायला हवा होता.

खेळ थांबलेला असताना म्हाताऱ्याला विल्सनबद्दल विचारा. तो तिला लहानपणापासून ऐकून आहे. बाप बूट शिवणारा. दहा वर्षांची असताना मुलगी कॉलिंगवूड भागातल्या एका मैदानाच्या कडेला उभी राहून बायकांच्या क्लबचा सराव बघत होती. चेंडू सीमेबाहेर तिच्याकडे आला. तिनं तो उचलून थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेकला. त्याच दिवशी तिला क्लबात घेतलं. घरी सराव कसा, तर आईच्या स्टॉकिंगमध्ये चेंडू घालायचा, कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायचा आणि बॅटनं मारत राहायचं. उंच बांधला की एक फटका, खाली बांधला की दुसरा. सोळाव्या वर्षी ती व्हिक्टोरियाच्या संघात होती. आणि मग युद्ध. फलंदाजाची जी वर्षं सोन्याची, ती तिची अशीच गेली. पहिली कसोटी खेळायला मिळाली १९४८ साली, न्यूझीलंडमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्या एका सामन्यात तिनं ९० धावा आणि दहा बळी जमवले. शतक दहा धावांनी हुकलं नसतं तर तुम्हाला आज इथं यायची गरजच नव्हती, वेलिंग्टनला जावं लागलं असतं.

लोक तिला बाईमाणसातला ब्रॅडमन म्हणतात. कौतुक म्हणून ठीक आहे, पण ब्रॅडमननं बळी किती घेतले? दोन. हिच्या अकरा कसोट्यांचा हिशेब पुढं बंद होईल तेव्हा सरासरी ५७.४६ आणि बळी ६८, तेही प्रत्येकी बारा धावांच्या आत. तुलना करायचीच तर उलट्या बाजूनं करून बघा, आणि मग ब्रॅडमनची थोडी कीव येते की नाही सांगा.

किंमत मात्र तिनं वेगळी मोजली. तिचा साखरपुडा झाला होता. दौरा आला, लग्न पुढं ढकललं. पुन्हा दौरा आला, पुन्हा ढकललं. शेवटी ते लग्न मोडलंच, क्रिकेट राहिलं. ब्रॅडमनला किंवा मंकडला लग्न आणि बॅट यांतलं एक निवडायला कुणी लावलं नव्हतं. म्हातारा हे सांगताना खांदे उडवतो. यात सांगण्यासारखं विशेष काही आहे असं त्याला वाटत नाही, म्हणून तुम्हीही वाद घालत नाही.

आता ऑस्ट्रेलियाच्या संघातल्या आणखी एका मुलीकडे बघा. फेथ कुल्थार्ड. वेगवान गोलंदाज, पेशानं परिचारिका, दक्षिण ऑस्ट्रेलियाची. ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळणारी पहिली आदिवासी स्त्री. हीच तिची पहिली कसोटी आणि हीच शेवटची. तुम्ही इथले कायदे वाचले असतील तर चमकाल, कारण १९५८च्या ऑस्ट्रेलियात जनगणनेच्या आकड्यात आदिवासी धरत नाहीत. ती तरतूद १९६७च्या सार्वमतानं जाईल. म्हणजे देशाच्या टोपीखाली उभी असलेली ही मुलगी धावफलकावर मोजली जाते, तिचे लोक शिरगणतीत नाहीत. पुरुषांच्या संघात आदिवासी वंशाचा कसोटीपटू, जेसन गिलेस्पी, यायला १९९६ साल उजाडेल. सामन्याच्या निकालावर फेथचा फारसा ठसा उमटणार नाही. तरी तिची नोंद वहीत आहे, आणि त्या वहीचं महत्त्व तुम्ही आज पहिल्यांदा गांभीर्यानं घेताय.

ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव. खेळपट्टी जरा सावरली आहे, फार नाही. विल्सन फलंदाजीला येते, आणि दोरीला टांगलेल्या त्या चेंडूवरचे फटके एकेक करून बाहेर पडायला लागतात. पायांची हालचाल बघा. पुढं यायचं तर पूर्ण पुढं, मागं जायचं तर पार यष्ट्यांपर्यंत, मधे लटकणं नाही. वानखेडेवर बॉथमला तुम्ही बघितलंत ते दांडगाईचं काम होतं, पाच गडी गेल्यावर टेलरला हाताशी धरून त्यानं आपल्या गोलंदाजांना झोडलं. ही झोडत नाही. रिकाम्या जागा हेरते आणि चेंडू तिकडं धाडते. माझं मत विचाराल तर त्या चिखलावर हेच जास्त कठीण. बॉथमची पुण्याई कमी लेखायची नाही, पण ही फलंदाजी समोर बघितल्यावर खोटं कशाला बोला.

नव्वदीत ती आल्यावर तुमच्या लक्षात येतं की शेजारच्या म्हाताऱ्याला शतकाची ओढ आहे, पण दहा बळींचं गणित त्याच्या डोक्यात नाही. कसं असेल? असा काही विक्रम असतो हेच अजून कुणी ठरवलेलं नाही. तुम्ही भविष्यातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक. शंभर होतात. बरोबर शंभरावर ती बाद होते. दोन्ही संघांनी पहिल्या डावांत मिळून केल्या त्याहून सत्तावीस जास्त. ऑस्ट्रेलिया ९ बाद २०२वर डाव घोषित करते. कर्णधार युना पेझलीला आता वेळेशी झुंजायचं आहे. इंग्लंडपुढं २०६ धावा आहेत, पण त्या कुणालाच नकोत. इंग्लंडला संध्याकाळ हवी आहे.

हा शेवटचा टप्पा रेडिओवर ऐकला असता तर तुम्ही बंद केला असता. बॅट पुढं, पॅड पुढं, चेंडू मेलेला, पुन्हा तेच. फलंदाजाभोवती कोंडाळं करून ऑस्ट्रेलियन मुली उभ्या, आणि विल्सन टाकतेय. टाकतच राहते. १९ षटकं, ९ धावा, ४ बळी. तिसरा बळी पडला तेव्हा तिचे सामन्यातले दहा पुरे झाले. तुम्ही बाकावरून उठलात. मैदानात दुसरं कुणीच उठलं नाही. चौथ्यासह अकरा झाले, सोळा धावांत अकरा. एका कसोटीत शतक आणि दहा बळी, पुरुष असो वा बाई, जगात पहिल्यांदा. म्हाताऱ्याला तुम्ही हे सांगून बघता. तो म्हणतो, "असेल. पण उरलेल्या दोघी काही जात नाहीत बघ."

खरंच जात नाहीत. इंग्लंडच्या आठ विकेट पडल्या आहेत आणि नववी पडत नाही. डगनच्या मुलींनी दात ओठ खाऊन खेळून काढलं. सामना अनिर्णित. पावसानं खाल्लेल्या वेळाचा हिशेब ऑस्ट्रेलियन मुलींच्या मनात चालू असेल, तुमच्याही आहे. मालिकेतले पुढचे ॲडलेड आणि पर्थचे सामनेही असेच सुटणार, चारातून एकाचाही निकाल लागणार नाही, हे तुम्ही म्हाताऱ्याला सांगत नाही. त्याला ॲडलेडच्या बातमीची उत्सुकता राहू द्या.

विक्रमाचं पुढं काय झालं तेही एव्हाना तुम्हाला कळून चुकलंय. विल्सननंतर हे करणारी दुसरी इंग्लंडची एनिड बेकवेल, एजबॅस्टनला, वेस्ट इंडिजविरुद्ध, १९७९च्या उन्हाळ्यात. म्हणजे वानखेडेच्या आधी साडेसात महिने. बॉथमचा नंबर तिसरा. विक्रम काही तळघरात पुरून ठेवलेला नव्हता. धावपुस्तकं लिहिली गेली होती, छापली गेली होती. चर्चगेटच्या वाटेवरच्या तुमच्या मित्रानं ती उघडली नव्हती, तुम्हीही नव्हती, आणि ज्यांचं पोट क्रिकेटवर लिहून भरतं त्यांतल्या बहुतेकांनीही नव्हती. बेटी विल्सनला ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं ते २०१७ साली. ती गेली त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

पव्हेलियनच्या पायऱ्यांवर दोन्ही संघ एकमेकींशी हात मिळवताहेत. डगनचे ६ धावांत ७ आणि विल्सनचे ७ धावांत ७, दोघी एकाच सामन्यात, आणि दोघींपैकी कुणीच जिंकलेली नाही. गुणलेखकाचं टेबल तिथंच जवळ आहे. तो शाई वाळायची वाट बघतोय. पुढं होऊन त्याला विचारा, पान बघू द्याल का? देईल. वहीत विल्सनच्या नावापुढं १२ आणि १००, गोलंदाजीच्या रकान्यात सात आणि चार. बेरीज त्यानं केलेली नाही. तुमच्या खिशात वानखेडेच्या तिकिटाचा तुकडा आहे, त्याच्या मागं ती करून घ्या. मित्राला दाखवायला लागेल, नुसत्या शब्दावर तो ऐकणारा नाही.